डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आणि तिसरी ते सहावीची विज्ञानाची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही परीक्षा कोणासाठी असते आणि कोण घेते?

सहावी आणि नववी, या दोनच इयत्तांसाठी. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१ पासून ती घेते. आधी लेखी परीक्षा, त्यातून निवडलेल्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा आणि त्यातून निवडलेल्या मोजक्या मुलांचा कृती संशोधन प्रकल्प व मुलाखत, अशा पायऱ्या आहेत. शेवटी सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदके दिली जातात. लेखीत ९० मिनिटांत १०० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात.

मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही परीक्षा घेते, असा बऱ्याच पालकांचा समज असतो. तसे नाही. ते केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे आणि ऑलिंपियाडचे, म्हणजे विज्ञान-गणिताच्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे, काम पाहते. नावातल्या सारखेपणामुळे गोंधळ होतो आणि माहिती भलत्याच ठिकाणी शोधली जाते. तारखा, शुल्क, अभ्यासक्रम आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात की नाही, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना विचारून ठेवा.

शिष्यवृत्तीचा अभ्यास चालू आहे. तोच इथे पुरेल का?

नाही. शिष्यवृत्तीत प्रथम भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असते, विज्ञानाचा पेपर नसतो. उत्तरपत्रिकेतले गोल नीट रंगवणे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवणे ही सवय मात्र तिथे लागते, ती इथे उपयोगी पडते.

मुलगी चौथीत आहे. आत्तापासून स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणावीत का?

आणू नका, हे आमचे ठाम मत आहे. चौथी-पाचवीपर्यंत विज्ञान परिसर अभ्यासात मिसळलेले असते. सहावीत सामान्य विज्ञान हा वेगळा विषय येतो आणि बल, कार्य, ऊर्जा, साधी यंत्रे, ध्वनी, प्रकाश, चुंबक हे सगळे एकाच वर्षात समोर उभे राहते. ज्या मुलाने तोवर वजनकाटा, तापमापी, चुंबक हाताळलेले नसतात, ते व्याख्या पाठ करायला लागते. मग प्रश्नातला एक शब्द बदलला तरी त्याची गाडी अडते.

तिसरी-चौथीत रविवारी अर्धा तास पुरे. एक प्रयोग, एक पान नोंद. पाचवीत आठवड्यातून दोनदा. सहावीत जूनपासून रोज चाळीस मिनिटे, त्यातले दोन दिवस हाताने करण्याचे. प्रश्नसंच सहावीचे निम्मे धडे वाचून झाल्यावर काढा.

घरात काय सामान लागते?

बुटाच्या खोक्यात मावेल एवढेच. ३० सेंमीची स्टीलची पट्टी, शिंप्याची टेप, १०० मिलीचे प्लास्टिकचे मापनपात्र, सुई नसलेली १० मिलीची सिरिंज, लाल द्रवाची प्रयोगशाळेतली तापमापी (पाऱ्याची नको), एक भिंग, दोन पट्टीचुंबक, १.५ व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा एक बल्ब, टाचण्या, टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणि तीन मीटर लाखेचा मुलामा असलेली तांब्याची तार. ही तार मोटार वाइंडिंग करणाऱ्याकडे मिळते. हळद, लिंबू, सोडा, कडधान्ये आणि स्वयंपाकातला वजनकाटा घरात असतातच. स्टॉपवॉच मोबाइलमध्ये आहे.

एक गोष्ट विकत घ्यावी लागत नाही, पण हवीच: शंभर पानी वही, फक्त या कामासाठी.

सुरुवात कशाने करावी?

मोजण्याने. प्रात्यक्षिकात वस्तू समोर असते आणि मुलाला वाचन घ्यायचे असते. तिथे जाणारे बरेचसे गुण मोजताना डोळा आणि हात चुकल्यामुळे जातात.

पट्टी घ्या. शाळेतल्या प्लास्टिकच्या पट्टीचे शून्याचे टोक झिजलेले असते, म्हणून १ सेंमीच्या खुणेपासून मोजायला शिकवा. इथे चूक ठरलेली: पेन्सिल १५.२ वर संपली की मूल १५.२ लिहून मोकळे होते, १ वजा करायला विसरते. दहा वेगवेगळ्या वस्तू अशा मोजून घेतल्या की ही चूक जाते.

मग वहीच्या एका कागदाची जाडी काढायला सांगा. दोनशे पानी वहीची जाडी, पुठ्ठे सोडून, समजा ७ मिमी भरली. बहुतेक मुले ७ ला २०० ने भागतात. पण दोनशे पाने म्हणजे कागद शंभरच, कारण एका कागदाला दोन पाने. उत्तर ०.०७ मिमी. पट्टीवर सर्वांत लहान भाग १ मिमीचा, तरी त्याच पट्टीने आपण त्याहून कितीतरी पातळ वस्तू मोजली, हे मुलाच्या ध्यानात येते तो क्षण पाहण्यासारखा असतो.

मापनपात्रात पाणी कडेला थोडे वर चढते आणि मध्ये खोलगट दिसते. वाचन खोलगट भागाच्या तळाशी घ्यायचे आणि डोळा त्याच पातळीवर आणायचा. पात्र हातात उचलून धरले तर ते तिरके होते, तेव्हा पात्र टेबलावरच राहू द्या आणि मुलाला खाली वाकायला लावा. वरून पाहिले तर वाचन जास्त येते, खालून पाहिले तर कमी. हे नुसते सांगू नका. एकाच पाण्याची तीनही वाचने घेऊन वहीत शेजारी शेजारी लिहायला लावा. प्लास्टिकच्या पात्रात हा खोलगटपणा कमी दिसतो, म्हणून एकदा तरी शाळेतले काचेचे पात्र बघायला मिळावे.

तापमापीच्या तीन चुका नेहमीच्या: फुगा भांड्याच्या तळाला टेकवणे, पाण्याबाहेर काढून वाचणे आणि वर चढणारी रेषा थांबायच्या आत आकडा लिहिणे. एक चांगला खेळ आहे. ५० अंशाचे १०० मिली आणि ३० अंशाचे १०० मिली पाणी मिसळले तर किती अंश? मूल आधी ८० म्हणते. मग विचार करून ४० म्हणते. तापमापी मात्र ४० ला थोडी कमी दाखवते, कारण थोडी उष्णता भांड्याने आणि हवेने घेतली. उष्णता आणि तापमान यांतला फरक दोन परिच्छेद वाचून जेवढा कळत नाही, तेवढा या एका प्रयोगात कळतो. गरम पाणी मोठ्यांनीच ओतावे.

एकच प्रयोग नीट करून घ्यायचा असेल तर कोणता?

दोलक. सामान जवळजवळ काहीच लागत नाही आणि चुका सगळ्या मुलाच्या स्वतःच्या असतात, म्हणून त्यातून शिकणे होते.

दोऱ्याला एक जाड नट बांधा. टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर २५ सेंमी अंतर ठेवा. नट हातभर नको, चार बोटे बाजूला ओढा आणि धक्का न देता सोडा. जाऊन परत आला की एक आंदोलन. २० आंदोलनांना साधारण २० सेकंद लागले पाहिजेत.

१९ सेकंद आले? मुलाने नट सोडतानाच ‘एक’ म्हटले. सोडताना ‘शून्य’ म्हणायचे असते, नाहीतर १९ आंदोलने मोजून आपण २० समजतो. साडेवीस आले? बहुधा दोऱ्याची लांबी गाठीपर्यंतच मोजली आणि नटाचा अर्धा भाग सोडला. दर वेळी वेगळेच उत्तर येते? दोऱ्याचा फास खिळ्यावर सरकतो आहे. दोन खोडरबरांच्या मध्ये दोरा दाबून वर वजन ठेवा. नट गोल गोल फिरायला लागला तर सोडताना बोट तिरके लागले आहे. थांबवून पुन्हा सुरू करा.

आता एकाऐवजी दोन नट बांधा. मध्यापर्यंतची लांबी २५ सेंमीच ठेवली तर वेळ बदलत नाही. यावर मुलांचा विश्वास बसत नाही, करून पाहू द्या. मग लांबी चौपट, म्हणजे १ मीटर करा. वेळ चौपट होत नाही, दुप्पट होते: २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद. सूत्र सांगू नका, सहावीत त्याची गरज नाही. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची’ हा प्रयोगाचा नियम मात्र इथे हाताला लागतो.

पुस्तकातले प्रयोग घरी केले की फसतात. असे का?

बहुतेक वेळा पुस्तकात एक बारकावा लिहायचा राहिलेला असतो.

*बी उगवणे.* वाटीत एकच बी ठेवून निष्कर्ष काढू नका. प्रत्येक वाटीत मुगाचे किंवा मटकीचे १० दाणे, खाली ओला कापूस. एक वाटी कोरडी, एक ओलसर, एक दाणे पूर्ण बुडतील इतक्या पाण्याची, एक ओलसर पण फ्रिजमध्ये. बुडालेले दाणे फुगतात पण नीट वाढत नाहीत, कारण त्यांना हवा पुरत नाही. दोन-तीन दिवसांत पाण्याला वासही येतो. ओलसर वाटीला बुरशी आली तर पाणी जास्त झाले. एक ओलसर वाटी कपाटात अंधारात ठेवा: दाणे उगवतात, रोपे लांब आणि पिवळट होतात. उगवायला उजेड लागत नाही, हिरवे व्हायला लागतो. यावर आधारित प्रश्न हमखास चुकतो. मुगाची डाळ का उगवत नाही, हेही विचारा आणि भिजवलेला हरभरा सोलून आतला इवलासा अंकुर भिंगाखाली दाखवा.

*आयोडीन.* चमचाभर पाण्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका आणि तो द्राव भाताच्या पेजेवर घाला. निळा-काळा रंग आला नाही तर पेज गरम असेल. गरम पिष्टात हा रंग टिकत नाही, निवल्यावर दिसतो. कपड्यावर डाग पडतो, जुना टॉवेल खाली घ्या. आयोडीन लावलेले काहीही खायचे नाही.

*हळदीचा कागद.* साबणाने लाल होतो, लिंबाने पुन्हा पिवळा. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याचे पाणी किंवा दुसरा अल्कधर्मी पदार्थ लावून करतात, तेव्हा मुलाला हा रंग ओळखीचा असतो. पण हळद फक्त आम्लारी (म्हणजेच अल्कधर्मी पदार्थ) ओळखते. साध्या पाण्यातही ती पिवळी आणि लिंबातही पिवळी. ‘हळदीचा कागद पिवळाच राहिला, म्हणून द्रव आम्ल आहे’ हे उत्तर चूक. आम्ल ओळखायला जास्वंदीच्या पाकळ्यांचे पाणी घ्या: लिंबाने गडद गुलाबी, सोड्याने हिरवट.

*विद्युतचुंबक.* लोखंडी खिळ्यावर ५० वेढे घेतले, सेल जोडला, टाचणी हलत नाही. दहांतली नऊ कारणे एकच: तारेच्या दोन्ही टोकांवरची लाख खरवडलेली नसते. ती लाख विद्युतरोधक असते. पॉलिश पेपरने टोके दोन सेंमीपर्यंत चकचकीत करा. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ जोडून ठेवू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात.

*एलईडी.* एका १.५ व्होल्टच्या सेलवर पेटत नाही. लाल एलईडीलाही त्याहून थोडे जास्त व्होल्ट लागतात. दोन सेल एकापुढे एक लावा आणि लांब पाय धन टोकाला जोडा. उलटा जोडला तर पेटणार नाही. टॉर्चच्या बल्बला उलट-सुलट काही नसते. हा फरक मुलाने स्वतः शोधावा.

*सावली.* ‘दुपारी १२ वाजता सावली सर्वांत लहान’ असे छापलेले असते. मुंबई-पुण्यात ती १२ नंतर, ऋतूनुसार साधारण १२:२० ते १२:५५ च्या दरम्यान सर्वांत लहान होते, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरचे आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला राहतो. काठी ओळंब्यात उभी करा आणि १२ ते १ दर पाच मिनिटांनी खूण करा. महाराष्ट्रात सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे दिवस वर्षातून दोनच, मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी. दुसऱ्या वेळी बहुधा ढग असतात.

लेखीसाठी प्रश्न कसे सोडवून घ्यावेत?

९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. पहिल्या फेरीत येणारे सगळे, अडला तो प्रश्न पेन्सिलीने खूण करून सोडायचा. सोडलेल्या प्रश्नाचा गोल उत्तरपत्रिकेतही सोडला ना, हे दर दहा प्रश्नांनी तपासायचे. एक ओळ घसरली की पुढची सगळी उत्तरे चुकतात.

पर्याय कसे रचलेले असतात ते दाखवा. उदाहरणार्थ: मापनपात्रात ४० मिली पाणी आहे. त्यात सारख्या ५ गोट्या टाकल्यावर पातळी ५० मिली झाली. एका गोटीचे घनफळ किती? उत्तर २ घनसेंमी. पण पर्यायांत १० असणारच. घाईत ५० ला ५ ने भागणाऱ्यासाठी १०, आणि ५० वजा ४० करून थांबणाऱ्यासाठीही १०. चुकीचा पर्याय कोणत्या चुकीतून येतो हे शोधायचा खेळ मुलांना आवडतो. त्यांनाच तीन चुकीचे पर्याय तयार करायला सांगा.

चुकलेल्या प्रश्नांची वेगळी यादी ठेवा आणि पुढे कारण लिहा: माहीत नव्हते, प्रश्न नीट वाचला नाही, की आकडेमोड चुकली. ‘नाही’, ‘वगळता’, ‘सर्वांत कमी’ हे शब्द सुटल्यामुळे किती गुण गेले, ते महिन्याने मोजा. पालकांना वाटते मुलाला विषय येत नाही. पुष्कळदा त्याने ‘नाही’ वाचलेलेच नसते.

मराठी माध्यमाच्या मुलांना तोटा होतो का?

संकल्पनेत मुळीच नाही, उलट आपल्या भाषेत ‘का’ विचारणे सोपे जाते. सेमी-इंग्रजीच्या मुलांची अडचण निराळी असते: वर्गात फोर्स, घरी बल आणि डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी. वहीच्या मागच्या बाजूला दोन रकाने आखून शब्द जोडीने लिहा. परीक्षेचे माध्यम अर्ज भरतानाच ठरवा आणि सराव त्याच माध्यमात करा.

कृती संशोधन प्रकल्प पालकांनी किती करावा?

एखादी वस्तू धरून ठेवायला मुलाला मदत लागेल तिथे धरा, मोजायचे असेल तिथे त्याच्यावर सोडा. त्या वर्षी दिलेल्या विषयाच्या चौकटीत राहून मोजता येईल असा लहान प्रश्न निवडा. ‘पाण्याचे महत्त्व’ हा निबंध झाला. ‘आमच्या शाळेच्या गळक्या नळातून दिवसाला किती पाणी जाते’ हा प्रकल्प. नळाखाली भांडे ठेवा, १० मिनिटांत ६० मिली जमले तर दिवसाला ८.६४ लिटर. एवढ्यावर थांबणारी मुले बरीच. पण टाकी भरलेली असताना दाब जास्त असतो, संध्याकाळी कमी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, असे सात दिवस मोजले की २१ नोंदी होतात आणि सरासरीला अर्थ येतो. मग वायसर बदलून पुन्हा मोजा. आधी आणि नंतर, दोन्हींचे आकडे हातात असले की मुलाला बोलायला काहीतरी खरे मिळते.

चुकलेली नोंद खोडरबराने पुसू देऊ नका. एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि चूक का झाली ते लिहू द्या. छापील, रंगीत, गुळगुळीत अहवालापेक्षा अशी वही परीक्षकाला जास्त सांगते. मुलाखतीत ‘हे असेच का केले?’ विचारले की पालकांनी लिहून दिलेले वाक्य मुलाला आठवत नाही, स्वतः केलेले आठवते.

शास्त्रज्ञांची नावे, शोधांची वर्षे पाठ करावीत का?

नुसती यादी नको. नाव, काम आणि एक ओळखीची जागा जोडा. होमी भाभा: जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबई, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भारताचा अणुऊर्जा कार्यक्रम. रामन: २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधाच्या आठवणीत राष्ट्रीय विज्ञान दिन. जयंत नारळीकर: कोल्हापूरचा जन्म, पुण्याची आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था). सलीम अली: मुंबई आणि पक्षी. आठवड्याला एक नाव, तेही जेवताना बोलून, पुरते.

क्लास लावावा का?

पाहायला जा आणि एकच विचारा: आठवड्यात किती वेळ मूल स्वतःच्या हाताने उपकरण धरते? उत्तर ‘प्रात्यक्षिकाची तयारी लेखीच्या निकालानंतर’ असे आले तर तो प्रश्नसंच सोडवण्याचा वर्ग आहे. चार-पाच घरांनी मिळून शाळेची प्रयोगशाळा शनिवारी दोन तास उघडून मागितली तर ते जास्त फळते. शिक्षक बहुधा आनंदाने हो म्हणतात, विचारणारेच कमी असतात.

बघायला कुठे न्यावे?

मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, पुण्यात आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका, नागपुरात रामन विज्ञान केंद्र. वेळा आधी विचारून जा. सगळी दालने धावत पाहू नका. तीन वस्तू निवडा, प्रत्येकीपाशी वीस मिनिटे थांबा आणि तिथेच वहीत चित्र काढू द्या.

घरी प्रयोग करताना काय टाळावे?

भिंतीतल्या प्लगला काहीही जोडायचे नाही, सेलवरच काम करायचे. सेल फोडायचा नाही. संडास साफ करायचे आम्ल आणि ब्लीच एकत्र आणायचे नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचे नाही. गोल चकतीसारखे बटण सेल लहान भावंडांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. गिळले तर थेट रुग्णालय गाठायचे. आणि वापरलेली सिरिंज, वाटी, चमचा पुन्हा स्वयंपाकात आणायचा नाही, त्यांची जागा बुटाच्या खोक्यातच.